जमिनीखालची अळिंबी

झाकण फिरत नव्हतं, आणि न फिरलं तरी चालेल असं रुचिताला कुठेतरी आत वाटतही होतं. हळदीच्या डबीपेक्षा लहान बाटली. आत तेलात बुडालेल्या काळपट चकत्या, वाळवलेल्या आवळ्याच्या फोडींसारख्या, आणि प्रत्येकीवर फिकट रेघांची जाळी. लेबल तिने काल भिजवून खरवडून काढलं होतं, कारण त्यावर जमिनीत नाक खुपसलेल्या डुकराचं चित्र होतं आणि वर्षावासाच्या, पावसाळी व्रताच्या, तीन महिन्यांत या घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूने ते चित्र पाहिलं असतं तर पुढचं काही ऐकूनच घेतलं नसतं. चार दिवस बाटली चहापत्तीच्या डब्यामागे उभी होती. चार दिवस रुचिता चहा करताना डबा उचलायची, बाटली जागेवर आहे ना बघायची आणि डबा परत ठेवायची, जशी काही ती चालत कुठे जाणार होती.

फडक्यात धरून पिरगाळलं तेव्हा टक् करून झाकण सुटलं. वास... लगेच काही नाही. मग आला. ओल्या मातीचा, सोलून राहिलेल्या लसणाचा, आणि त्याच्या मागून आणखी एक, नाव न सांगता येणारा, नाकाच्या वरच्या बाजूला जाऊन बसणारा. यासाठी म्हणे जगभर लोक वेडे होतात. तिने बोटाचं टोक तेलात बुडवून जिभेला लावलं आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. ही सवय तिला वर्षभरापासून लागली होती—काहीही चाखलं की घड्याळाकडे पाहायचं.

फोनवरच्या त्या बाईने सगळं नीट सांगितलं होतं. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी राहून हिंदीत सांगणारी बाई. घरच्या घरी, खिशाला झेपेल असा ट्रफल. तिचे व्हिडिओ रुचिताने इतक्यांदा पाहिले होते की भांडी घासताना तिचाच आवाज कानात चालू राहायचा. ट्रफलच्या तेलाची बाटली घेऊ नका, त्यात बहुतेक वेळा ट्रफल नसतोच, नुसतं अत्तर असतं. हिवाळ्यातला घेऊ नका, तो आपल्यासारख्यांसाठी नाही. उन्हाळ्यातला घ्या, वास कमी, पण खरा. सगळ्यात लहान बाटली घ्या. उकळत्या तेलात टाकलात तर गेला. आच बंद करा, मगच घाला, वर झाकण ठेवा. आणि मसाल्याच्या जवळ नेऊ नका—भात, बटाटा, लोणी, असं ज्याला स्वतःचं फारसं म्हणणं नसतं त्याच्यावर घाला. नखाएवढा तुकडा तीन ताटांना पुरतो. हे शेवटचं वाक्य रुचिताला फार बरं वाटलं होतं. नखाएवढ्याने काय होणार आहे कुणाला?

म्हणून आज तिने चिन्नोर तांदूळ काढला नाही. चिन्नोरला स्वतःचाच वास भरपूर. कोठीतला साधा जुना तांदूळ तिने तीनदा धुतला, पाणी जास्त घालून चढवला, आणि मिठाच्या बरणीतल्या लहान चमच्याने अर्धा चमचा मीठ टाकलं. मामाजींना, तिच्या सासऱ्यांना, बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो चमचा बरणीत आला होता, आणि तिथलाच झाला होता. नवऱ्याने, अतुलने, सकाळी पोह्यांवरही लोणचं मागून घेतलं. अलीकडे त्याला प्रत्येक घासाला लोणचं लागतं. शाळेत डबा खाणाऱ्या मास्तरांच्या जिभा अशाच बिघडतात, असं तिचं मत होतं.

खरं तर तिला ट्रफल हा शब्दही तीन आठवड्यांपूर्वी ठाऊक नव्हता. बुद्धविहारात रोज संध्याकाळी वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं. वाचून झालं की वासुदेवराव, निवृत्त मुख्याध्यापक, थोडं समजावून सांगतात. त्या दिवशी मालनबाईंनी विचारलं, वर्षावासात आपण मटण खात नाही, मग भगवंतांचं शेवटचं जेवण डुकराच्या मांसाचं होतं म्हणतात ते कसं? वासुदेवरावांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते लांबण लावतात. म्हणाले, यावर दोन मतं आहेत. काही जण मांस म्हणतात. काही म्हणतात, ती जमिनीखाली होणारी अळिंबी असावी, डुकरं नाकाने उकरून काढतात ती. ज्याच्या घरी ते शेवटचं जेवले त्या लोहाराने मोठ्या प्रेमाने रांधून वाढली, भगवंतांनी खाल्ली आणि... बायकांनी माना हलवल्या. रुचिताच्या शेजारी तिची सासू पार्वताबाई बसली होती. तिने मान हलवली नाही. ती समोरच्या मेणबत्तीकडे बघत होती, आणि रुचिता तिच्या हातांकडे.

अळिंबी... हा शब्द या घरात वर्षभर कुणी उच्चारलेला नव्हता. त्याच रात्री तिने ती जमिनीखालची अळिंबी फोनवर शोधली, आणि ट्रफल हे नाव सापडलं.

मागच्या पावसाळ्याआधीपर्यंत ती भाजी दरवर्षी मामाजीच आणायचे. डोमाजी त्यांचं नाव; पाटबंधारे खात्यात पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारे. कालव्याच्या काठाने आयुष्यभर चालत राहिलेला माणूस, कुठल्या वारुळापाशी कधी सात्या, म्हणजे वारुळावरच्या अळिंब्या, फुटतात हे त्यांना बरोबर ठाऊक. धोतराच्या सोग्यात भरून आणायचे. त्या लांब देठांच्या पांढुरक्या छत्र्या ओसरीत पसरायच्या, एकेक उलटी करून बघायची, देठ वारुळात किती खोल गेला होता ते बोटांनी दाखवायचं, मगच सुनेच्या हाती द्यायच्या. मागच्या वर्षी गुडघे धरले. जाववेना. पण आठवण रोज काढायचे, लहान मुलासारखी. म्हणून रुचिताने भंडाऱ्याच्या रस्त्यावर बसलेल्या एका बाईकडून दोन वाटे घेतले, पळसाच्या पानावरचे. घरी येऊन धुतले. धुताना एकाचा पोटाकडचा भाग जरा वेगळा दिसला. पिवळसर. की उजेडच तसा होता? मी वास घेतला होता ना? घेतला होता. मातीचा आला. मग मी तो टाकून दिला का? इथे येऊन तिची आठवण दरवेळी थांबते. कधी तिला तो कचऱ्याच्या बादलीत पडलेला दिसतो, सालींवर, अगदी स्पष्ट. आणि कधी त्याच विळीवर त्याचे चार तुकडे होताना दिसतात, तेही तितकेच स्पष्ट.

सगळ्यांनीच खाल्ली होती. अतुलने, आईंनी, तिनेही. कुणाला काही झालं नाही. मामाजींनी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा तिने आपल्या वाटीतली काढून त्यांना वाढली होती, एवढाच फरक. पहाटे त्यांचं पोट बिघडलं. दोन दिवस घरीच औषध, तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याला नेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. कागदावरही तेच लिहिलं. अतुलने कागद घडी करून कपाटात ठेवला. कुणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर तिने भांडून तरी घेतलं असतं.

फक्त एक बदल झाला. पार्वताबाई पानावर बसली की हात आवरून थांबू लागली. रुचिताने पहिला घास घेईपर्यंत थांबायचं, तो घास गिळला जाईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघायचं, मग स्वतः सुरुवात करायची. वरण असो, पिठलं असो, कालचीच भाजी असो. पहिल्या आठवड्यात रुचिताला वाटलं, दुःखामुळे असेल. दुसऱ्या महिन्यात तिला कळून चुकलं—असं तिचं तिनेच ठरवलं—की ही राखण आहे. सुनेने आधी खायचं, मग सासू. तेव्हापासून रुचिता पहिला घास मोठा घेते, दिसेल असा.

कुकरची शिटी नव्हती, भात पातेल्यात रटरटत होता. देवळीत पांढऱ्या रुमालात बांधलेला ग्रंथ होता. ज्याची पाळी असते त्याच्याकडे तो आदल्या दिवशी येतो, नजरेखालून घालायला. आज पाळी रुचिताची. आषाढी पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर तारखांची यादी लागली तेव्हाच तिने हळूच पानं मोजून पाहिली होती. रोज चार पानं. शेवटच्या जेवणाची चार पानं उषाबाईंच्या तारखेला पडत होती. ती निश्चिंत झाली. मग वैनगंगेला पूर आला, विहाराच्या पायऱ्यांपर्यंत पाणी, दोन दिवस वाचन बंद. वाचणारीच्या तारखा त्याच राहिल्या, पानं दोन दिवस मागे पडली, आणि ते जेवण सरळ रुचिताच्या ओंजळीत येऊन पडलं. पुराला दुसरं काही वाहून न्यायला सापडलं नाही.

त्यातही मोजणी अशी की तिच्या चार पानांत लोहाराचं घर आहे, स्वयंपाक आहे, वाढणं आहे, खाणं आहे आणि त्यानंतरचं दुखणं आहे. त्या लोहाराला कुणी बोल लावू नका, त्याचं काही चुकलं नाही, हा भगवंतांनी पाठवलेला निरोप मात्र पाचव्या पानावर आहे. पाचवं पान उद्या, मालनबाईंच्या वाट्याला. म्हणजे आज साऱ्या बायकांसमोर, सासू पहिल्या ओळीत बसलेली असताना, रुचिताने मोठ्याने वाचायचं की त्याने वाढलं आणि ते खाऊन पोटात कळा आल्या... आणि ग्रंथ मिटून घरी यायचं. एक पान जास्त वाचलं तर चालतं का? वासुदेवराव म्हणतील, शिस्त म्हणून काही असते.

काल तिने उषाबाईंना सांगून ठेवलं होतं की घसा बसल्यासारखा वाटतो, कदाचित तुम्हालाच वाचावं लागेल. उषाबाईंना तेवढंच पाहिजे होतं. त्यांचा आवाज चांगला आहे आणि तो त्यांना ठाऊक आहे. चार वाजता त्या विचारायला येणार होत्या. आणि रुचिताने मनाशी एक ठरवलं होतं, कुणाला न सांगता, शाळकरी मुलीने परीक्षेच्या आधी ठरवावं तसं. आज हे रांधायचं. हे काय आहे ते लपवायचं नाही. आईंनी माझ्या आधी घास घेतला तर मी वाचीन. थांबल्या, तर ग्रंथ उषाबाईंच्या हाती, आणि मग पुढच्या वर्षीही, आणि कायमचाच.

भात मऊ झाला. तिने आच बंद केली, लोण्याचा गोळा टाकला, दोन चकत्या विळीवर अगदी बारीक चिरून त्यात घातल्या. बाटलीतलं चमचाभर तेलही घातलं—ते फेकू नका, बाईने बजावलं होतं, अर्धे पैसे त्या तेलाचे असतात. लोण्याच्या उबेने वास एकदम उठला आणि स्वयंपाकघराबाहेर गेला.

समोरच्या खोलीत अतुल शाळेची कसलीशी माहिती ऑनलाइन भरत बसला होता. तो धावतच आत आला, काही न विचारता ओट्याखाली वाकला आणि रेग्युलेटर बंद केला.

"सिलिंडर लीक हाय! तुले वास नाही येऊन राहिला?"

"गॅसचा नाही तो."

"मग कायचा हाय?" खिडकी उघडता उघडता तो म्हणाला.

"अळिंबीचा."

शब्द बाहेर पडला. एका वर्षानंतर, इतक्या साध्या आवाजात. अतुलचा हात खिडकीच्या कडीवर तसाच राहिला. त्याने पातेल्यात पाहिलं, मग बाटलीकडे, मग तिच्याकडे. या माणसाने वर्षभर मला एक प्रश्न विचारला नाही, याचे उपकार मानायचे की याच्यावर चिडायचं, हे रुचिताला अजून ठरवता आलेलं नव्हतं. आत्ता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि ती लपवण्याची घाई.

"आईले सांगतलं?"

"सांगणार आहे. आल्यावर."

त्याने खाली वाकून रेग्युलेटर पुन्हा चालू केला. जाता जाता म्हणाला, "मले थोडासाच वाढजो." आणि दारातून परत वळून, "म्हणजे... वाढजो. नाही असं नाही."

रुचिताला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

पार्वताबाई रविवारची वंदना आटोपून साडेबाराला आली. पांढरं लुगडं, हातात चपला. पुराचा चिखल अजून गल्लीत होता. मोरीवर पाय धुताना तिने नाक वर केलं. पाट मांडले, पाणी ठेवलं. रुचिताने तीन ताटांत भात वाढला. पांढऱ्या भातात काळे कण, वर वितळलेलं लोणी. दिसायला जिऱ्याच्या भातासारखा, बस. अतुलने सवयीने लोणच्याची बरणी जवळ ओढली.

"आई," रुचिता म्हणाली. "ही अळिंबी हाय. बाहेरदेशातली, बाटलीत मिळते. मी मागवली."

पार्वताबाईने ताटाकडे पाहिलं. "जमिनीखालची?"

"हाव."

"डुकरं उकरतेत थे? वासुदेवराव सांगत होते थेच?"

"थेच."

पार्वताबाई हात आवरून बसली, रोजच्यासारखी, नजर सुनेच्या तोंडावर. पण आज रुचितानेही हात मांडीवर ठेवले. दोघी समोरासमोर बसून राहिल्या. भातावरचं लोणी कडेने थिजायला लागलं. बाई म्हणाली होती, लगेच वाढा आणि लगेच खा... अतुलने एक घास लोणच्याला लावून गिळला आणि मान खाली घातली. रुचिताच्या मनात आलं, आपण हे काय चालवलंय? पंच्याहत्तरीला आलेल्या विधवा बाईला समोर बसवून तिची परीक्षा घेतोय. आणि ती नापास झाली तर तिला ते कळणारसुद्धा नाही. हात पुढे करावा, मोठा घास घ्यावा आणि सुटावं. तिचा हात उचललाही गेला असता.

"काहून थांबली?" पार्वताबाई म्हणाली.

"तुम्ही घ्या ना आज."

म्हातारीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग सरळ घास केला, तोंडात घातला, चावला. सावकाश, दात थोडे म्हणून. गिळला. दुसरा घेतला.

झालं. जिंकले मी, असं रुचिताने स्वतःला सांगून पाहिलं. पण छातीत जे उठलं ते सुटल्यासारखं नव्हतं. तिची नजर घड्याळाकडे गेली होती. एक वाजायला दहा मिनिटं. आज रविवार, पहाटेपर्यंत काही झालं नाही तर... बुधवारपर्यंत काही झालं नाही तर... ती मोजत होती. सासूच्या गळ्याच्या सैल कातडीखाली घास उतरताना ती बघत होती, जसं वर्षभर सासू तिच्याकडे बघत आली होती, आणि एखाद्या दुसऱ्याच बाईचा विचार डोक्यात यावा तसं तिच्या लक्षात आलं, की माझ्या हातावर आईंचा विश्वास नाही असं मी इतके दिवस धरून चालले. पण आत्ता या ताटावर ज्याचा विश्वास बसत नाही असं माणूस इथे एकच आहे, आणि ते मी आहे.

"मीठ कमी हाय," पार्वताबाई म्हणाली.

"अं?"

"मीठ. कमी हाय. वर्षभर झालं, रोजच कमी राहते." ती तिसरा घास करत होती, आवाजात तक्रार नव्हती, बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. "तू अजून तुया मामाजीच्याच मापानं टाकून राहिली. त्याईले बीपी होता. आमाले नाही."

अतुलने लोणच्याच्या बरणीवरचा हात काढून घेतला, चोरी पकडल्यासारखा.

"मग सांगितलं नाही कधी?" रुचिताने विचारलं.

"कायले सांगू? मी पाहत होतो रोज. म्हणलं, थे पयला घास घेईन तं तिचं तिलेच समजंन. पण तुले तं चवच नाही समजत, पोरी. नुसती गिळते."

रुचिताने सासूकडे पाहिलं. खरं असेल? रोज, दोन्ही वेळा, वर्षभर—नुसतं मिठासाठी? की हे आत्ता, या भाताच्या वाफेत सुचलं, समोर बसलेल्या पोरीला देण्यासाठी? पार्वताबाईच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती काळे कण बोटाने बाजूला करून निरखत होती. लोहाराला निरोप पाठवला तेव्हा तो तरी खरा होता की नुसती माया, हे त्या लोहाराला कोण सांगणार होतं? आणि त्याने कुणाला विचारलं असेल?

"सात्याची सर नाही याले," म्हातारी म्हणाली. एवढंच. तो शब्दही तिने सहज घेतला आणि भाताबरोबर गिळून टाकला. "उषा आली होती विहारात. म्हणे, रुचिताचा गळा बसला, मीच वाचतो. मी म्हणलं, नाही, थे वाचते. बरोबर सांगतलं नं?"

रुचिताने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं. तिने पहिला घास घेतला. लहानच. माती, लोणी, मागून तो लसणासारखा वास, आणि त्या सगळ्याखाली एक मोठी रिकामी जागा. भात खरोखरच अळणी होता. इतका अळणी, की हे आपल्याला एकदाही कसं जाणवलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"आण मीठ," पार्वताबाई म्हणाली.

ती उठली. ओट्यावरची बरणी उघडली. लहान चमचा नेहमीसारखा मिठात रुतून उभा होता. तिने तो काढला, ओट्यावर ठेवला, आणि हाताने घ्यायचं म्हणून चिमूट भरली. मग अर्धी परत टाकली. मग पुन्हा भरली. मागे तिघांची ताटं थांबली होती, देवळीत ग्रंथ होता, चार वाजायला तीन तास होते. बरणीत बोटं तशीच ठेवून ती उभी राहिली. तीन माणसांना मीठ किती लागतं, हे तिच्या हाताला काही केल्या आठवेना.